विस्तव पाहिल्याशिवाय बातमी नाही

भास्करभाऊ गेले त्याला महिना होत आला, तरी माझा राग काही जात नाही. मरणावर नाही... मरणाच्या बातमीवर. ज्या पेपरसाठी या माणसाने अर्धं आयुष्य झिजवलं, त्याच पेपरने दुसऱ्या दिवशी छापलं, ‘सौसर येथील ज्येष्ठ वार्ताहर’. सौसर! अहो, जन्मले पांढुर्ण्यात, स्टेशनजवळ पेपरची एजन्सी चालवली पांढुर्ण्यात, गेलेही इथेच. कोणीतरी सौसरहून फोन केला आणि यांनी दिलं ठोकून. एकाला म्हणून विचारावंसं वाटलं नाही.

मी शाळामास्तर, संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसणारा. गावात कोणी गेल्याचं कानावर आलं की भाऊ सायकल काढत. आमच्याकडे कोणी मयत झालं की दारासमोर गोवऱ्यांचा विस्तव करतात. तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा माणूस कागदाला पेन लावत नसे. मी चिडवायचो, “भाऊ, अख्खं गाव सांगून राहिलं, तुमचं काय अडलं?”

“गाव सांगते गा गुरुजी, पण लिहून तर मीच राहिलो न!”

मग बातमीचा लिफाफा नागपूरच्या गाडीने जायचा, बातमी एक दिवस उशिरा यायची, आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. पुढे नागपुरात आणखी एक पेपर निघाला आणि या लोकांच्या अंगात वारं शिरलं. आधी आम्ही, आधी आम्ही! लिफाफा बंद, फोन सुरू.

अशातच बोरगावजवळ बस उलटली. नागपूरहून फोन आला, मी दुकानातच होतो. मोहगावचा मधुकर नावाचा तरुण गेला म्हणतात, खरं का? भाऊ म्हणाले, “पाहून सांगतो.” तिकडून उत्तर आलं, पाहायला वेळ नाही, दुसऱ्यांच्या आधी छापायचंय. भाऊंनी फोन ठेवला आणि मिळेल त्या ट्रकने, जखमींना नेलं होतं ते सौसर गाठलं. दवाखान्यात मधुकर पायाला प्लास्टर बांधून चहा पीत होता! भाऊंनी लगेच ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत पान छापायला गेलेलं.

मधुकरची बायको तेव्हा माहेरी, तिगावला. सकाळी पेपर आला, कोणीतरी मोठ्याने वाचला, आणि घरातल्या बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दुपारी नवरा बैलगाडीतून दारात उतरला. त्या पोरीने तेवढ्या वेळात काय भोगलं असेल, याचा हिशेब कोणी द्यायचा? पेपरने आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. आणि भाऊंना कळवलं, तुम्ही मागे पडता, यापुढे बातम्या सौसरचा माणूस देईल. खोटं छापणारे शहाणे, खरं पाहायला गेलेला मागे पडला!

भाऊंनी बाजारातून हिरव्या बांगड्या घेतल्या आणि तिगावला निघाले. मी भडकलोच. “चूक त्यांची, तुम्ही काहून जाऊन राहिले?”

“पेपर तर माझ्याच दुकानातून गेला न गुरुजी तिथं.”

त्या पोरीच्या आईने दारातच त्यांना नाही नाही ते सुनावलं. भाऊंनी मान खाली घालून ऐकलं. बांगड्या मात्र पोरीने हातात भरल्या. त्यानंतर भाऊ फक्त पेपर विकत. एखाद्याच्या मरणाची बातमी वाचली की तरीही सायकलकडे बघत, मग पुढच्या गिऱ्हाइकाला पेपर देत... ते मला पाहवत नसे.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. सायकल भिंतीला टेकलेली. पेपरवाला एकही फिरकला नव्हता. दुपारी मधुकर लंगडत आला, मागे त्याची बायको, हातभर हिरव्या बांगड्या.

“पेपरात वाचलं गुरुजी,” ती म्हणाली. “सौसर लिहिलं होतं न, म्हटलं हेही खोटंच असंन... म्हणून पाहाले आलो.”

 तिने दारासमोरची गोवऱ्यांची राख पाहिली आणि तिथेच मट्‌कन खाली बसली.