खांबाची खोली

आमच्या जाफराबादच्या शाळेत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला एक खोली आहे. मोडके बाक आणि गॅदरिंगचे जुने पडदे ठेवायची ती जागा. मी आठवीत असताना विज्ञानाच्या मॅडमनी ती नाचाच्या सरावासाठी मागून घेतली. आरसा नाही, पंखा नाही आणि मधोमध एक लोखंडी खांब. कधीतरी छताला तडा गेला तेव्हा टेकू म्हणून लावलेला. छत दुरुस्त झालं, पण खांब काढायचं काही कोणाच्या मनात आलं नाही.

मला त्या खोलीचं वेड होतं, आणि हे सांगायला मला बिलकुल लाज वाटत नाही. आमच्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं. गिरकी घ्यायला जावं तर हात फ्रिजवर तरी आपटायचा, नाहीतर जेवत बसलेल्या भावाच्या डोक्यावर, आणि मग आमची जुंपायची. शाळेतल्या खोलीत दोन्ही हात पसरले तरी बोटांना काही लागत नसे. खिडकीखालची एक फरशी पोकळ होती. तिच्यावर पाय आपटला की घुमल्यासारखा आवाज यायचा. ती जागा मी कोणाला देत नसे. त्यावरून मी भांडणं केली आहेत आणि बहुतेक जिंकलीही आहेत.

नववीत मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, खोली परत मागितली. शाळेला कॉम्प्युटर मिळणार होते. मॅडम त्यांच्याशी बोलायला गेल्या आणि आम्ही पोरी दाराबाहेर कान लावून उभ्या राहिलो.

सर म्हणाले, "नाचाच्या स्पर्धेत जिल्ह्याला नंबर आणा, खोली तुमची. न्हाई आला तर मंग कॉम्प्युटर तिथंच बसवावे लागतील."

त्यानंतर आम्ही जीव तोडून सराव केला. गाणं मॅडमच्या मोबाईलवर लागायचं आणि आवाज मोठा यावा म्हणून मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवायचा. खेड्यांवरून येणाऱ्या मुलींची जीप खाली हॉर्न मारत राहायची, तरी आम्ही अजून एकदा, अजून एकदा करत असू. नाचाच्या शेवटी समोरासमोरच्या मुलींनी एकमेकींच्या मधून सरळ पलीकडे जायचं होतं. खोलीत ते जमायचं नाही. मधे खांब. म्हणून आम्ही वळसा घालून जायचो आणि मॅडम दरवेळी बजावायच्या, "स्टेजवर खांब नाही, तिथे सरळ जायचं." आम्ही माना डोलवायचो.

जालन्याचं स्टेज मोठं होतं, दिवे झगझगीत होते, सगळं छान चाललं होतं. शेवट आला आणि सगळ्या जणी वळसा घालून निघाल्या. तिथे नसलेल्या खांबाला चुकवत. मी एकटी सरळ गेले आणि पलीकडून वळून येणाऱ्या माझ्या मैत्रिणीवर आदळले. दोघी धाडकन खाली.

नंतर एका परीक्षकांनी तिला स्टेजवरच विचारलं, "मधे काय होतं गं?"

"आमचा खांब, सर," ती म्हणाली. अख्खा हॉल हसला. नंबर आला नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. हसणाऱ्यांचा राग आला होता, मैत्रिणीचा आला होता, त्या खांबाचा तर आलाच होता. खोली गेली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही घुंगरू आणि ओढण्या गोळा करायला वर गेलो. दाराबाहेर सरांचे बूट काढलेले. त्या खोलीत चपला बाहेर काढायच्या हा आमचा आम्हीच केलेला नियम होता आणि सर आजवर बुटांसकट आत यायचे आणि निरोप सांगून लगेच जायचे. ते खांबाला हात लावून उभे होते.

"मॅडमनी सांगितलं मला," ते म्हणाले. "खांब नसताना खांबाला चुकवून नाचल्या म्हणे, एवढा सराव! मी समजत होतो, पोरी वर नुसता टाइमपास करून राह्यल्या."

"कॉम्प्युटर स्टाफरूममधी बसवू. आम्ही मास्तर लोक बसू कुठंबी."

"पण सर, नंबर तर आला न्हाई," मी म्हणून गेले. मैत्रिणीने मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे सगळं पाणी काही चिमट्याचं नव्हतं.

"ते माहितीये मला. पुढच्या साली आणा. चला, करा सुरू. जल्दी, जीप येईल तुमची."

ओढण्या परत खुंटीवर गेल्या. आम्ही आपापल्या जागी उभ्या राहिलो आणि सर भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसले. इतक्या दिवसांत त्यांनी आमचा नाच पहिल्यांदाच पाहिला.