माझ्या खुर्चीचा लाल गमछा

दहा वर्षं मुलगा आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळून मी पुन्हा नोकरीला लागले, ती एव्हरशाईन वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत. दातांच्या दवाखान्यांत पेशंटचे नंबर लावायचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. तीन महिने बघू, मग पक्कं करू, असं साहेब म्हणाले होते. साहेब वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आणि मला ताई म्हणायचे. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोणी देणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मी लागले त्याच आठवड्यात साहेब कुठलासा कोर्स करून आले आणि आमच्याकडे पाइपलाइन सुरू झाली. म्हणजे कोणीही कोड पाठवला की दूर कुठेतरी भाड्याने घेतलेलं एक मशीन तो सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळणार, चाचण्या चालवणार आणि भिंतीवरच्या टीव्हीवर पाठवणाऱ्याच्या नावापुढे हिरवं किंवा लाल दिसणार. कल्पना चांगलीच होती, मला आवडली होती. पण साहेबांना टीव्हीवरचा लाल रंग पुरला नाही. ज्याचं लाल येईल त्याच्या खुर्चीला दिवसभर लाल गमछा बांधायचा, असा नियम त्यांनी काढला. गमछा पापडी गावच्या एका सहकाऱ्याने आपल्या वाडीतून आणून दिला. पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

मग तो माझ्या खुर्चीला बांधला गेला आणि तिथेच राहिला.

फुलपाड्याला आमच्याकडे पाणी पहाटे चारला येतं. पिंपं भरेपर्यंत घरात दुसरं कोणी उठत नाही, तेवढाच वेळ माझा. ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी आदल्या दिवसाचं राहिलेलं काम पुरं करायचे आणि पाठवून द्यायचे. ते लाल यायचं. दर वेळी तीच एक चाचणी नापास: आज लावलेला नंबर आजच्या यादीत दिसत नाही. त्या भागाला मी हातही लावलेला नसायचा. ऑफिस उघडलं की साहेब माझं तेच काम, एक अक्षर न बदलता, पुन्हा चालवायचे आणि ते हिरवं व्हायचं.

"बघा ताई, मी नुसतं बटण दाबलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे.

काहीच न बदलता हिरवं होतं, तर चूक माझी कशी, असं मी एकदा विचारलं. नळाखाली कळशी लावून कोड लिहिला की असंच होणार, असं ते म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तीन महिने काढायचे होते, म्हणून गिळलं. नव्याने लागलेल्या एका मुलीने तर तो गमछा माझाच समजून, मॅडम, हा एकदा धुवून आणा ना, असं मला सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस कुठेतरी पाइप फुटला आणि पाणी सहाला आलं. मी सहाला काम पाठवलं, तर पहिल्या फटक्यात हिरवं. दुसऱ्या दिवशी पाणी चारला आलं आणि पुन्हा लाल. कळशी वाहू दिली आणि त्या लाल ओळी वाचत बसले. त्यातल्या तारखेवर नजर थांबली. तारीख कालची होती. ते मशीन जागतिक वेळेवर चालत होतं, आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस होता. नंबर लागायचा आपल्या आजच्या तारखेला आणि यादी निघायची त्याच्या कालची. मशीन लावताना साहेबांनी वेळ बदलली नव्हती, एवढंच. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

ऑफिसला गेल्या गेल्या मी हे साहेबांना दाखवलं, दुरुस्तीची ओळही लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मला वाटलं, आता हा माणूस निदान सॉरी म्हणेल. त्यांनी जागेवर जाऊन ती ओळ स्वतःच्या नावाने पाठवली. टीव्हीवर त्यांच्या नावापुढे हिरवं आलं आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. माझ्या जागी नवा माणूस सोमवारपासून येणार होता, तो आधीच ठरला होता.

मी म्हटलं, "सर, चूक माझी नव्हती. सकाळी तुम्ही स्वतः पाहिलंत."

"हो ना. बरं झालं ताई, जाता जाता सापडलं."

मी पर्स उचलली तेव्हा त्यांनी खुर्चीचा गमछा सोडला आणि नीट घडी घालून माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा. इथे आता कोणाला लागणार नाही."

मी घेतला. तोंडावर फेकून मारायचं सुचलं ते घरी पोचल्यावर. त्या माणसाचं कधी भलं होऊ नये, असं मला आजही वाटतं. गमछा मी रोज पहाटे नळाच्या तोंडाला बांधते. पाणी गढूळ येतं, गाळून घ्यावं लागतं.