घेवड्याच्या पानावरचा फोटो

कॉलेजात जाऊन मला सहा महिनेही झाले नव्हते, पण झाडं उन्हावर जगतात हा शोध मीच लावल्याच्या थाटात मी घरात वावरायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शनिवारी साताऱ्याहून कोरेगावजवळच्या आमच्या गावी आले, की माझ्या तावडीत पहिली सापडायची ती वहिनी. लग्नानंतर महिनाभरातच भाऊ पलटणीत परतला होता.

त्यानं तिकडून एक फोटो धाडला होता, सोबत निगेटिव्ह. फोटो काचेत बसून सोप्यात लागला, जिथं वडील आणि पाहुणे बसत. नव्या सुनेनं तिथं जाऊन नवऱ्याकडे बघत उभं राहायची सोयच नव्हती. कोरेगावचा फोटोवाला आमच्या नात्यातला. त्याच्याकडून दुसरी प्रत काढली असती, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"वन्सं, मिशी ठेवलीया व्हय त्यांनी?" वहिनीनं एकदा परसात हळूच विचारलं. मला फार वाईट वाटलं. पण लगेच कल्पना सुचली आणि मी आनंदानं उड्याच मारायला लागले.

पान उन्हात साखर करतं, तिचं पिष्ट करून साठवतं, आणि पिष्टाला आयोडीन लागलं की ते निळंकाळं होतं. मग पानावर निगेटिव्ह ठेवली तर? जिथून ऊन आत जाईल, तिथंच पिष्ट होईल. भाऊ उमटलाच पाहिजे.

पहिल्या रविवारी परसातल्या घेवड्याचं अख्खं पान आयोडीन लागताच काळं ठिक्कर पडलं.

"ह्ये माझं मालक?" वहिनी म्हणाली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

चूक माझी होती. पानात आधीचा साठा तसाच होता. अंधारात ऊन नसतं, तेव्हा पान हाच साठा खर्चून जगतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते आणि घरी विसरले होते. पुढच्या खेपेला वहिनीनं शुक्रवारीच रोपावर कोंबड्यांचं डालगं उपडं घातलं, वर पोती टाकली. पानाला दोन दिवस कडक उपास.

रविवारी सकाळी पानावर निगेटिव्ह, तिच्यावर काच, दोन्हीकडून चिमटे. वहिनी पदर डोक्यावर ओढून तिथंच बसली.

"काय राखत बसलीयास गं?" आईनं विचारलं.

"घेवडा, आत्याबाई."

"एकच पान?"

दुपारी पान उकळलं, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या वाटीत बुडवलं. हिरवा रंग उतरून ते फिकट झालं. वर आयोडीन टाकलं. आधी टोपी आली, मग भुवया, मग झुपकेदार मिशी. वहिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"आपल्या परसातल्या उन्हाचा झालाय तो," मी म्हणाले.

आई केव्हा मागं येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. तिनं पान निरखून पाहिलं.

"फोटु सोप्यात हाय की. मागायचा."

"कसा मागू, आत्याबाई?"

संध्याकाळी वहिनी चुलीपुढं बसली, तर समोरच्या खुंटीला काचेतला फोटो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाहिलं, आणि बघतच राहिली. भाकरी करपून कोळसा झाली. एरवी पिठाच्या चिमटीवरून बोलणाऱ्या आईनं ती करपलेली भाकरी मुकाट्यानं आपल्या ताटात घेतली.