कंपनीच्या लॅपटॉपवरचा रविवार

नंदकिशोर बेलसरे हा मुळातच काळजी करणारा माणूस. चाकणच्या एका कंपनीत तो प्रॉडक्शन प्लॅनिंग बघायचा. उद्या कोणत्या मशीनवर काय निघणार, कोणती गाडी कधी भरून सुटणार, हे ठरवणं त्याचं काम. माल वेळेत पोचला नाही तर पुढच्या कारखान्याची लाइन थांबते, या धास्तीत त्याची उमेदीची वर्षं गेली. आकुर्डीच्या घरी जेवायला बसला तरी फोन ताटाशेजारी असायचा.

अशा माणसानं कंपनीच्या लॅपटॉपवर गेम टाकला होता, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

त्याला कारण होतं त्याची मुलगी, पूर्वी. इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी ती जर्मनीला गेली होती. व्हिडिओ कॉलवर तिचं ठरलेलं उत्तर असायचं. "मी मस्त. जेवले. तुम्ही कसे आहात?" त्याची बायको शैला तेवढ्यानं खूश व्हायची. नंदकिशोरला मात्र तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसायची. मग एकदा पूर्वीच म्हणाली, "बाबा, ट्रक चालवायचा एक गेम आहे. दोघांना मिळून खेळता येतो. येता का?"

घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता. प्लॅनिंगचं एक सॉफ्टवेअर सारखं अपडेट करावं लागे, म्हणून आयटीतल्या शेखरनं त्याच्या लॅपटॉपला सगळी परवानगी देऊन ठेवली होती. "तुमच्यावर विश्वास आहे सर," असं तेव्हा तो म्हणालाही होता. ते शब्द आठवत आठवतच नंदकिशोरनं गेम उतरवून घेतला.

तो लॅपटॉप बिचारा तक्ते आणि मेलपुरता. गेम सुरू झाला की पंखा घोंघावायला लागायचा, चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. पूर्वीचा ट्रक वळणापलीकडे गेलेला असायचा आणि नंदकिशोरचा ट्रक अजून कुंपणात घुसलेला. "थांबते मी, या सावकाश," ती हेडफोनमधून म्हणायची आणि हसायची. रस्त्याकडे बघत असली की तिची जीभ सैल व्हायची. रूममेट कशी वागते, वर्गातले विनोद आपल्याला कसे कळत नाहीत, अंधार किती लवकर पडतो, हे कॉलवर कधी न निघणारं सगळं ती ट्रक हाकता हाकता सांगायची. म्हणून लॅपटॉपची तळपट्टी हाताला चटका देऊ लागली तरी नंदकिशोरला गेम बंद करवत नव्हता. त्यानं खाली एक जाळी ठेवली आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

त्या रविवारी दुपारी पूर्वीनं आपला ट्रक हळू केला. मग म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. आईला नका सांगू. मी दोन महिने झाले..."

स्क्रीन काळी पडली. पंखा थांबला. करपल्यासारखा वास आला.

नंदकिशोरनं बटण दाबून दाबून पाहिलं, काही होईना. त्यानं फोन लावला. तिनं उचलला, पण आवाज पुन्हा कॉलवरचा झाला होता. "काही नाही हो बाबा. सहजच. झोप येतेय मला."

झोप? तिथे तर अजून सकाळ होती. दोन महिने झाले, म्हणजे काय झालं? त्याच्या मनानं नाही नाही ते रंगवलं. त्यातच दुसरी आठवण आली: सोमवारचा डिस्पॅच प्लॅन याच लॅपटॉपमध्ये होता.

सोमवारी कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला अडकली, पुढे कुरुळीपाशी पुन्हा. लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन तो सबबी जुळवत होता. व्होल्टेज वाढलं म्हणावं का? आपोआप बंद पडला म्हणावं का? पण शेखरसमोर बसल्यावर त्याच्या तोंडून खरं तेच निघालं. "मी यावर गेम खेळत होतो, शेखर. मुलीबरोबर."

शेखरनं लॅपटॉप पालथा घातला. मग त्यानं मागची झाकणपट्टी उघडली. कारखान्यातल्या शॉपफ्लोअरची धूळ पंख्यात घट्ट बसली होती.

"सर, गेमच्या मशिनला चित्रं काढायला वेगळी चिप असते, गरम हवा फेकायला मोठे पंखे असतात. हा पातळ, पिशवीत घालून फिरायचा. साधा गेम चालेल थोडा वेळ, पण तापला की आधी मंदावतो, मग बंद पडतो. तुम्ही धुळीसकट याला घाट चढायला लावलात." त्यानं हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशिनला जोडली. प्लॅन शाबूत निघाला, गाड्या थोड्या उशिरानं सुटल्या. "पण हे मला वर कळवावं लागेल," शेखर खाली बघत म्हणाला. "परवानगी मी दिली होती ना."

"कळव. माझं नाव घालूनच कळव."

लेखी ताकीद आली. लॅपटॉप घरी न्यायला बंदी झाली. एरवी या एवढ्यानं नंदकिशोर आठवडाभर जेवला नसता. आता मात्र तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून तो पूर्वीच्या त्या अर्ध्या वाक्यापाशीच घुटमळत राहिला. रोज फोन करायचा, रोज "मी मस्त" ऐकायचा.

पुढच्या रविवारी त्यानं गच्चीत जाऊन फोन लावला. "पूर्वी, माझा लॅपटॉप गेला. तू तुझा ट्रक काढ. मी नुसता शेजारी बसतो. कॅमेरा नको."

पलीकडे खुर्ची सरकली. मग गेममधल्या इंजिनाचा आवाज आला.

"कुठला माल आहे?" त्यानं विचारलं.

"लाकडं," ती म्हणाली. आणि काही वेळानं, "बाबा, मी दोन महिने कॉलेजलाच गेले नाहीये. सकाळी उठवतच नाही. परीक्षा पण दिली नाही."

त्याला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. "बरं," तो म्हणाला. "चालवत राहा. मी ऐकतोय."

त्यानं शैलाला संध्याकाळीच सांगितलं. "अहो, मला का नाही सांगितलं तिनं?" म्हणून ती आधी चिडली, मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. मग दोघांनी मिळून पूर्वीला समजावलं. कॉलेजातल्या समुपदेशक बाईंकडे जायला ती कबूल झाली. अभ्यासात ती सहा महिने मागे पडली. दिवाळीत ती घरी आली तेव्हा बरीच वाळली होती, पण आईशी भांडण्याइतकी शाबूत होती. जानेवारीत ती स्वतःहून परत गेली.

नंदकिशोरची काळजी काही संपली नाही. रविवारी तो आणि शैला फोन मध्ये ठेवून बसतात. पूर्वी येणारं वळण बोलून दाखवत ट्रक चालवते, आणि शैला तिला दर वळणावर वेग कमी करायला सांगते.