भाई शटर ओढायचे तेव्हा

दिलावरभाई गेल्याची बातमी मला कळली, त्याच्या आधी मी त्यांच्या नावाने गारपिटीची बातमी पसरवून मोकळी झाले होते. फेब्रुवारीतली सकाळ होती, शाळेला निघाले होते. बारामतीजवळचं जळोची ते भवानीनगर हा माझा रोजचा रस्ता. स्कूटीला एकटीला सोडलं तरी ती शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहील. भवानीनगरच्या अलीकडे रस्त्याला लागून भाईंचं ताडपत्रीचं दुकान. त्या दिवशी दुकानाचं शटर खाली होतं. मी गाडी कडेला घेतली, फोटो काढला आणि आमच्या ‘ढगाळ मंडळ’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला : भाईंनी शटर ओढलंय! झालं, मग कुणाला काही विचारायची सोयच राहिली नाही. कुणी काढलेल्या कांद्यावर कागद टाकायला पळालं, कुणी हरभऱ्याची गंजी झाकली, आणि कन्हेरीला माझ्या धाकट्या भावाने, संपतने, द्राक्षाच्या व्यापाऱ्याला फोन लावला. शाळेत पोचल्यावर मी भाईंना फोन केला. गार दुपारी येईल की संध्याकाळी, एवढंच विचारायचं होतं. फोन त्यांच्या बायकोने, नसीमभाभींनी उचलला. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. हवामानाचे एवढे शौकीन आम्ही, पण त्या सकाळी आमच्यातल्या एकानेही मान वर करून बघितलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हा घोटाळा समजायचा नाही, म्हणून सांगते. भाईंना आभाळाचा नाद आणि धंदा ताडपत्रीचा. त्यांनी गार पडणार म्हटलं की पहिला टोमणा ठरलेला : “काय भाई, माल लई पडून राहिलाय वाटतं!” लोक थट्टेत म्हणायचे, पण भाईंना ते लागायचं. शेवटी त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. ज्या दिवशी गारेचा इशारा द्यायचा, त्या दिवशी शटर ओढायचं आणि विक्री बंद. ज्याला अडलंय त्याने मागच्या दाराने भाभींकडून ताडपत्री तशीच न्यायची. “वापरा आन् घडी घालून आणून द्या, घडी नीट घाला तेवढी,” एवढंच त्यांचं म्हणणं. हळूहळू काय झालं, की लोक ग्रुपवरचा मेसेज वाचेनासे झाले आणि शटर बघू लागले. एसटीतून जाणारा माणूस खिडकीतून दुकानाकडे नजर टाकायचा आणि शटर खाली दिसलं की तिथूनच घरी फोन लावायचा. भाई लग्नाला जाणार असले, तर आदल्या दिवशी ग्रुपवर लिहायचे की उद्या दुकान बंद आहे, पण आभाळाला काही झालेलं नाही. मरणाच्या आदल्या दिवशी मात्र असं काही लिहिता येत नाही.

आमची ओळखही आभाळामुळेच झाली, आणि तीही फजितीने. मी भूगोल शिकवते. एका एप्रिलमध्ये शाळेतून परतताना दक्षिणेला एक ढग असा काही चढला होता, की मी रस्त्यातच थांबून फोटो काढू लागले. समोरच्या दुकानातून पांढरी टोपी घातलेले, जाड चष्म्याचे एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, “बाई, निवांत काढा फोटो. त्यो हिकडं येत न्हाय. त्यो फलटणला चाललाय.” इतक्या खात्रीने म्हणाले, की मी अजून चार फोटो काढले. फलटणला निघालेला तो ढग थोड्याच वेळात आमच्या दोघांच्या डोक्यावर फुटला. दुकानात पळेपर्यंत मी चिंब झाले होते. भाई चष्मा पुसत, जराही न वरमता म्हणाले, “रस्ता चुकला वाटतं त्येचा.” त्या दिवसापासून ते मला बाई म्हणत आले, कारण मास्तरीणबाईला आमच्याकडे बाईच म्हणतात, आणि मी त्यांना भाई. त्यांचे अंदाज पुढेही भरपूर चुकले. गेलेल्या माणसाला उगाच देव करायचा म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

आमच्या मंडळात एक औषध दुकानदार आहेत, एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, साखर कारखान्यातले दोघे आहेत, मी आहे. सगळ्यांना एकच रोग. मार्च लागला की मोबाईलवर नकाशे उघडायचे, बाष्प कुठून येतंय बघायचं, आणि इंदापूरवर लाल-जांभळा ठिपका दिसला की लग्नघरासारखा उत्साह चढायचा. ‘यंदा मोठी गार!’, ‘लिंबाएवढी तरी येणार!’ असल्या पैजा चालायच्या. हे वाचायला वाईट वाटतं, मला लिहायलाही वाटतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी बागा आहेत. तरी गार येणार म्हटलं की पोटात भीती आणि मनात उकळ्या, दोन्ही एकदम सुरू होतात. एका वर्षी खरोखरच अशी पडली, की माळ, रस्ता, घरांचे पत्रे सगळं पांढरंफटक झालं. मुलं गारा ओंजळीत भरून एकमेकांना मारत होती. काश्मीर, काश्मीर म्हणून ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला, त्यात माझेही होते. भाईंचा एकच आवाजी निरोप आला : “फोटू टाका, पर आदी एकदा बागंत जाऊन या.” मी संपतच्या बागेत गेले. वेलींखाली फुटलेले मणी आणि गारा यांचा नुसता चिखल झाला होता, आणि संपत कुंपणाच्या दगडावर बसला होता. मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

नंतर एकदा मी भाईंना विचारलं होतं, की तुम्हाला गारेचा आनंद होतच नाही का? ते हसले. म्हणाले, “व्हतो की. लई व्हतो. लहानपनी अम्मी वरडायची तरी मी भांडं घिऊन अंगनात. मला गार आवडती बाई, म्हनून तर माजंच मला भ्या वाटतं. मी गार येनार म्हंतो, ती आभाळात दिसती म्हनून म्हंतो, का मला बघायची हाय म्हनून?” असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता तो मला नको इतका पडतो.

आणि याच भीतीपोटी त्यांनी दुसरी एक रीत पाळली. इशारा चुकला, की दुसऱ्या दिवशी स्कूटर काढायची आणि ज्याचं त्या इशाऱ्यामुळे नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन बसायचं. एकदा मी सोबत गेले होते. निमगावच्या रस्त्याला बापूरावांची द्राक्षबाग आहे. भाईंचं ऐकून त्यांनी गोडी भरायच्या आत माल उतरवला, व्यापाऱ्याने भाव पाडला, आणि आभाळातून दाणाही पडला नाही. बापूरावांनी आम्हाला खाट दिली आणि मग जो तोंडाचा पट्टा सोडला! “भाई, तुमच्या नादानं आंबट माल काढला म्या! आभाळ कळत न्हाय तर कशाला सांगता लोकास्नी? ताडपत्र्या इका की गप!” भाई मान हलवत ऐकत होते. मध्येच एकदा “बराबर हाय” म्हणाले, त्याने बापूराव आणखीच भडकले. मला लाजेने मेल्यासारखं झालं. परतताना मी चिडून म्हटलं, की तुमचं काय अडलंय हे सगळं ऐकून घ्यायला? भाईंनी स्कूटर थांबवली. “बाई, गार पडली की लोक आभाळाला शिव्या देत्यात. न्हाय पडली की कुनाला द्यायच्या? कुनाला तरी दिल्या बिगर मानसाला जेवान जात न्हाय. तेवढ्या मी खातो की.” असं म्हणून पुन्हा किक मारली आणि पुढच्या घरी गेले.

भाई गेले त्याला आता काही आठवडे झाले. दुकान भाभी चालवतात. आणि या मार्चमध्ये, ज्याची सगळ्यांनी मनातून धास्ती घेतली होती, ते झालं. इंदापूर आणि बारामतीच्या मधोमध नकाशावर जांभळा ठिपका उगवला. ग्रुपवर नकाशे पडत होते, पण नुसते नकाशे. खाली प्रश्नचिन्ह, नाहीतर हात जोडलेले. एरवी पैजा लावणारे सगळे शहाणे ‘बघू काय होतंय’ म्हणून बाजूला सरकत होते. पडणार किंवा पडणार नाही, असं सरळ वाक्य कुणी लिहीना. संपतचा फोन आला. “ताई, काडू का ठिवू? अजून आठ-धा दिस मिळालं तर माल एक नंबर व्हईल. पर तू म्हनशील तसं.” मी त्याला म्हटलं, मला काय विचारतोस, मी का भाई आहे? तो म्हणाला, “मग कुनाला इचारू?” मी काहीबाही सांगून फोन ठेवला. एक शब्द चुकला तर भावाची वर्षाची मेहनत मातीत, आणि दुसरा चुकला तरी मातीत.

संध्याकाळी नसीमभाभींचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट मुद्दा. “बाई, मानसं दुकानाम्होरं थांबायलीत. इचारत न्हाईत काय, नुस्ती बघत्यात. मला आभाळातलं कळत न्हाय. शटर वडू का?” “बघून सांगते,” मी म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या, “तुमी सांगा. वडू का नगं?” मी गच्चीवर गेले. हवा पडली होती. दक्षिणेला, शिंगणापूरच्या डोंगरांच्या अंगाला, ढगांचे गड्डे एकावर एक चढत होते. आणि मला ते सुंदर दिसत होते... छातीत तीच जुनी उकळी फुटत होती. आहे म्हणून मला दिसतंय, की मला हवंय म्हणून? नकाशा पुन्हा पाहिला, वारा पाहिला, खूप वेळ नुसती उभी राहिले. मग भाभींना फोन करून म्हटलं, “ओढा.” ग्रुपवर माझं नाव घालून लिहिलं, की उद्या दुपारनंतर गार पडेल असं मला वाटतं, माल काढता येत असेल तर काढा. संपतने निम्मी बाग उतरवली. बापूरावांनी सगळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात दिवे लावावे लागले इतकं अंधारून आलं. मुलं खिडकीशी गोळा झाली. वीज कडाडली, धुळीचा लोट मैदानावरून गेला, पत्र्यावर टपोरे थेंब वाजले. मी खडू हातात धरून उभी होते. पड, नको पडू, पड, नको पडू, असं काहीतरी तोंडातल्या तोंडात चाललं होतं, आणि यातलं माझं खरं कोणतं ते आजही मला सांगता येणार नाही. मग थेंब थांबले. ढग पूर्वेला सरकला आणि शाळा सुटायच्या वेळी लख्ख ऊन पडलं. एकही गार पडली नाही.

रविवारी मी स्कूटी निमगावच्या रस्त्याला घातली. बापूराव रिकाम्या मांडवाखाली तारा आवळत होते. मला बघून त्यांनी पक्कड खाली ठेवली, डोक्याचं फडकं सोडून खाट झटकली. मी बसले. ते तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. शेवटी मीच म्हटलं, “बापूराव, माझ्यामुळे तुमचा माल लवकर उतरला.” ते म्हणाले, “जाऊ द्या, बाई.” मी म्हटलं, जाऊ कसं द्या, बोला की. त्यांनी मान फिरवली. “तुमाला काय बोलू? पोरांच्या बाई तुमी. तुमाला बोलाय जीभ वळत न्हाय. ज्येला बोलायचं, त्यो मानूस गेला की निगून.” आणि एवढे धिप्पाड बापूराव फडक्यात तोंड घालून रडू लागले. मलाही रडू आवरेना. वर पानं नुसती सळसळत होती, त्यांच्यात एकही घड नव्हता. थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि म्हटलं, “भाईंनी नाही सांगितलं, बापूराव. या खेपेला मी सांगितलं. मलाच बोला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बागेकडे. “आंबट माल काढला म्या, बाई,” ते चाचरत म्हणाले. मी मान हलवली. “समदा काढला. कळत न्हाय तर सांगायचं कशाला लोकास्नी?” आता आवाज चढू लागला होता. मी पदर सावरून नीट बसले आणि ऐकू लागले.