अण्णांच्या कानाची मशीन

काल माझ्यासाठी आणलेल्या कानाच्या मशीनचं खोकं उघडलं. आतला घड्या घातलेला माहितीचा कागद उलगडताना छपाईचा वास आला, पण वाचायचा उत्साह होईना. तसाच कागद मांडीवर ठेवून बसले आणि केदारखेड्याचं आई-वडिलांचं घर आठवलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जुन्या जालन्यातून वडिलांसाठी, अण्णांसाठी, अशीच स्वस्तातली मशीन नेली होती. खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत वायर. कागद सगळा इंग्रजीत. शाळेत दिवसभर शिकवून, एसटीत उभी राहून आलेली मी एकेक शब्द लावत होते. आवाजाचं चाक आधी शून्यावर ठेवा, हे वाचेपर्यंत अण्णांनी ते पूर्ण फिरवलं. कानात कर्कश शिट्टी वाजली.

"काढ हे! डोकं उठलं."

मी चाक मागे घेतलं आणि हळूहळू पुढे सरकवत गेले. आई चुलीपाशी भाकरी करत होती. अण्णा एकदम दचकले.

"कोण खोकून राह्यलंय?"

"आई."

ते उठून तिच्याजवळ गेले. "कव्हापासून गं?"

"लई दिवस झाले. तुम्हाला ऐकू येत न्हवतं, मंग सांगून काय करू?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला भोकरदनला डॉक्टरकडे नेलं. औषधानं खोकला गेलाही. पण तेव्हा मला मशीन चालल्याचाच आनंद होता. आज घरचे मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून थकतात, तेव्हा आईचा थकवा कळतो.

मशीन लावली त्याच संध्याकाळी ताट वाढून आई अगदी हळू म्हणाली, "जेवून घ्या."

आणि अण्णा "हो" म्हणाले.