गढीच्या अंगणातले दगड

वालकोर्बच्या गढीचं अंगण मेंगार्दने बावन्न वर्षं झाडलं. पंधराव्या वर्षी तिने खराटा हातात घेतला तेव्हा गढीवर बेरेंगेर मालक होता. मग त्याचा मुलगा ऊक आला, मग नातू आमाल्रिक. तीन धनी होऊन गेले, खराटे किती झिजले त्याचा पत्ता नाही.

घराण्याची सुरुवात काही थोर नव्हती. बेरेंगेरचा आजा नदीच्या लाकडी पुलावर जकात गोळा करायचा. त्या जकातीतून बुरूज उभा राहिला, बुरुजाभोवती गढी वाढली आणि बेरेंगेर सरदार झाला. सरदार झाल्याबरोबर त्याने नदीवर पाणचक्की बांधली आणि दवंडी पिटवली. यापुढे दळण मालकाच्या चक्कीवरच न्यायचं, सोळा मापांमागे एक माप तिथंच ठेवायचं, आणि घरात जातं ठेवायचं नाही.

शिपाई घरोघरी फिरले. मेंगार्द तेव्हा सात वर्षांची. तिची आई बाळंत होऊन आठ दिवस झाले होते; ती जात्यावर जाऊन बसली आणि उठेना. दोघांनी तिला बखोटीला धरून बाजूला ठेवलं, पोतं सरकवावं तसं.

गावातले सगळे दगड गढीवर गेले आणि दळायची बाजू खाली करून अंगणात फरशीसारखे बसवले गेले. बसवताना गाव बघत होतं; कुणाचा दगड कुठं गेला ते घरोघर ठाऊक होतं. पाहुणे आले की बेरेंगेर काठी आपटून म्हणायचा, "गावाचे दात काढून इथं बसवलेत." पाहुणे हसायचे. मेंगार्दच्या आईचा दगड विहिरीजवळ तिसऱ्या रांगेत होता. पहिल्या वर्षी मेंगार्द त्याच्यावर पाय द्यायची नाही. मग द्यायला लागली. रोजचं काम म्हटल्यावर किती टाळणार?

ऊकने दुसरा बुरूज बांधला, शिकारी कुत्री पाळली, मोठ्या घरची सून आणली. आमाल्रिक राजाबरोबर समुद्रापार लढाईला गेला आणि तलवार म्यानातून काढण्याआधीच हगवणीने मेला. मूलबाळ नव्हतं. वर्षभरात गढीचं छत गळू लागलं, आणि जाउफ्रे नावाचा लांबचा पुतण्या उगवला. त्याचं म्हणणं, सगळं माझं, चक्कीचा हक्कही. राजाचा चौकशी अधिकारी आला. त्याने अंगणात टेबल मांडलं आणि गावच्या म्हाताऱ्यांना बोलावलं.

"चक्कीची सक्ती कधीपासूनची?" त्याने विचारलं. "कुणाच्याच आठवणीत नसेल इतकी जुनी असेल, तर तो घराण्याचा हक्क. लादलेली आठवत असेल, तर ती जबरदस्ती. आजच मोडते."

चक्कीवाला गिरबाल सगळ्यांत आधी बोलला. "माझ्या आज्याच्याही आधीपासूनची, साहेब."

बाकीचे म्हातारे अधिकाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या जाउफ्रेकडे बघत होते. "असेल बुवा." "आता वय झालं, कुठलं आठवतंय." मेंगार्दचा मुलगा पोंस आपल्या पायताणाकडे बघत बसला.

सून आलाइस कानाशी लागली. "सासूबाई, गप्प राहा. उद्या हाच मालक झाला तर आपल्याला इथंच राहायचंय."

"गप्पच होते की बावन्न वर्षं. तोंडाला बुरशी आली," मेंगार्द म्हणाली आणि पुढे झाली.

जाउफ्रे हसला. "ही तर झाडणारी. ही काय सांगणार, कचरा?"

"कचराच सांगते, मालक. तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ना, तो गेराल्दाच्या घरचा जात्याचा दगड आहे. उलटा करा. खाली कोंबडीच्या पायाची खूण असेल."

"हे खाणीतले दगड आहेत," जाउफ्रे म्हणाला.

अधिकाऱ्याने पहार मागवली. दगड उलटा झाला. खाली दाणा भरडावा म्हणून मारलेले टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव होते, मध्ये चुन्याने बुजवलेलं भोक होतं आणि कडेला कोंबडीचा पाय. सगळ्या बायका घाव पुन्हा धारदार करायला एकाच टाकीवाल्याकडे दगड द्यायच्या, अदलाबदल होऊ नये म्हणून घरोघरची खूण असायची.

"खाणीतल्या दगडाला टाकी कोण लावतं?" अधिकारी म्हणाला. मग मेंगार्दकडे वळला. "लहानपणीचं एवढं आठवतं तुला?"

"तुमच्या आईला दोन शिपायांनी उचलून बाजूला ठेवलं असतं, तर तुम्हालाही आठवलं असतं, साहेब."

तिने एकेका दगडावर खराट्याचा दांडा टेकवत नावं सांगितली. विळा, म्हणजे मार्तीच्या आईचा. दोन रेघा, म्हणजे तळ्याकाठच्या विधवेचा. पहार चालत राहिली आणि खुणा जुळत राहिल्या. चौथ्या दगडानंतर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या रेमोंने घसा खाकरला. "तो पलीकडचा आमचा. माशाची खूण." मग दुसरा उठला, तिसरा उठला. पोंस तर विहिरीजवळ जाऊन गुडघ्यावर बसला आणि नखांनी माती उकरू लागला. घटकेपूर्वी वय झालेल्या सगळ्यांना बारीकसारीक आठवू लागलं.

अधिकाऱ्याने लिहवून घेतलं की सक्ती संपली. शिक्का वाळायच्या आत बायका हातगाड्या घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत वालकोर्बच्या अंगणात नुसते खड्डे उरले. जाउफ्रेला गळके बुरूज मिळाले. थंडी पडायच्या आत तो निघून गेला.

टाकीवाल्याला आठ दिवस उसंत नव्हती. मेंगार्दने पहिलं दळण स्वतः दळलं. जवाचा पाव जाडाभरडा झाला, दाताखाली कचकचला. पोंसने तीन तुकडे खाल्ले. पण आठवडाभराने आलाइस दळून दुखणारे आपले खांदे दाबत म्हणाली, "चक्कीचं पीठ कसं मऊ असायचं."

"मग जा की चक्कीवर. आता कोण अडवतंय?"

आलाइस खरंच पोतं घेऊन गेली. परतली तेव्हा भुवयांपर्यंत पिठाने माखली होती.

"सोळाला एक द्यायची नाही म्हटलं. चाळिसाला एक. नाहीतर घरी दळते."

"गिरबाल काय म्हणाला?"

"आधी ओरडला. मग माझ्यामागे बायकांची रांग बघितली आणि पोतं ओढून घेतलं."

"चाळीस म्हणालीस?" मेंगार्दने विचारलं. "मी तीसच म्हणाले असते."

"मी पन्नासपासून सुरुवात केली होती, सासूबाई."

मेंगार्द सरकली आणि चुलीजवळची आपली जागा तिने सुनेला दिली.